लहान मुलांना तापात येणारी आकडी : आधी घड्याळ पाहा



दर अंकात या पानावर मी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणी असले विषय मांडत असतो. या वेळचा विषय वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने मुलांच्या आजारावर लिहावे हे काहींना अस्थानी वाटेल. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. परंतु गेल्या दीड वर्षात दोन वेळा माझ्या डोळ्यांदेखत लहान मुलाला तापात आकडी आली. एकदा पुण्यात घरच्याच पोराला आणि एकदा आपल्या गटातील ऊसतोडीच्या कोपीवर. पहिल्या वेळी मी स्वतः साफ चुकीचे वागलो. त्यानंतर डॉक्टरांना गाठून विचारले, वाचले, आणि जे समजले ते इथे देत आहे.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. मुक्काम हडपसरला भाचीकडे. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा. दिवसभर थोडी सर्दी होती, नाक वाहत होते, पण पोर खेळत होते म्हणून कोणी मनावर घेतले नाही. रात्री अकराच्या सुमारास भाचीची किंकाळी ऐकू आली, "मामा, लवकर या!" जाऊन बघतो तर पोराचे अंग ताठ, डोळे वर फिरलेले, हातपाय झटके देतायत, ओठ निळे पडलेले आणि तोंडातून लाळ. अंगाला हात लावला तर तव्यासारखे तापलेले.

मग जे होते तेच झाले. शेजारचे चार लोक धावत आले. एकाने कांदा फोडून आणला, एकीने चप्पल हुंगवायला सांगितले, कोणी पाणी पाजा म्हणाले. दातखीळ बसली आहे, जीभ तुटेल, असे कोणीतरी ओरडले आणि मी शहाण्याने स्वयंपाकघरातला चमचा आणून पोराच्या दातांत घालायचा प्रयत्न केला. चमचा जाईना म्हणून बोट घातले. बोट चावले गेले ते गेलेच, पण चमच्याने पोराच्या हिरडीतून रक्त आले. ते लाळेत मिसळले, तोंडाला लाल फेस दिसू लागला आणि घरात रडारड झाली. तेवढ्यात झटके थांबले. पोर दोन मिनिटे गळून पडले, मग रडायला लागले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आकडी किती वेळ होती?" मी छातीठोकपणे सांगितले, दहा-पंधरा मिनिटे तरी होती. भाचेजावई शांत स्वभावाचे. त्यांनी मोबाईल काढून पाहिला. आकडी सुरू होताच त्यांनी मित्राला गाडीसाठी फोन लावला होता, तो ११ वाजून ४ मिनिटांनी. आणि पोर रडायला लागल्यावर दुसरा फोन केला होता, तो ११ वाजून ९ मिनिटांनी. मधली गळून पडलेली दोन मिनिटे वजा केली तर आकडी तीन मिनिटांची. बाई म्हणाल्या, "सगळेच पंधरा मिनिटे सांगतात. आईबापांना ती पंधराच वाटतात." मग हिरडी बघून त्यांनी विचारले की हे कोणी केले. मी मान खाली घातली.

हे काय असते

सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभर मुलांपैकी दोन ते पाच मुलांना तापात कधी ना कधी अशी आकडी येते. जपानमध्ये हे प्रमाण याहून जास्त, शंभरात सहा ते नऊपर्यंत आढळते. म्हणजे ज्या वाडीवर या वयाची शंभर मुले आहेत तिथे दोन-चार घरांवर हा प्रसंग येऊन गेलेला असतो किंवा येणार असतो. एक ते दीड वर्षाच्या आसपास हे प्रमाण सर्वांत अधिक. आईबापांपैकी कोणाला किंवा भावंडाला लहानपणी अशी आकडी आलेली असेल तर मुलाला येण्याचा संभव वाढतो. रक्तात लोह कमी असलेल्या मुलांतही ती जास्त आढळते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे.

कारण असे सांगतात की या वयात मेंदू अजून कोवळा असतो आणि अंगातील उष्णता झपाट्याने वाढली की काही मुलांच्या मेंदूला ती सोसत नाही. आपण शेतकऱ्यांनी हे मोटारीवरून समजून घ्यावे. विजेचा दाब एकदम खालीवर झाला की स्टार्टर ट्रिप होतो. मोटार बंद पडते, आपला जीव धसकतो, पण मोटार जळालेली नसते. थोड्या वेळाने बटन दाबले की पाणी सुरू. तापातली साधी आकडी ही बहुतेक वेळा तशी असते. मोटार जळाल्याची लक्षणे वेगळी असतात, ती पुढे येतीलच.

डॉक्टरलोक 'साधी' कशाला म्हणतात तेही ध्यानात घ्यावे. झटके दोन्ही बाजूंच्या हातापायांना सारखे येतात, पंधरा मिनिटांच्या आत थांबतात (बहुधा दोन-तीन मिनिटांतच), आणि त्या २४ तासांत परत येत नाहीत. थोडी ग्लानी जाऊन मूल आपल्या माणसांना ओळखू लागते. अशा आकडीने मेंदूला इजा होत नाही, बुद्धी मंद होत नाही. अमेरिकेत १,७०६ अशा मुलांवर ती सात वर्षांची होईपर्यंत लक्ष ठेवले गेले. त्याचे निष्कर्ष १९७६ ते १९७८ या काळात प्रसिद्ध झाले. आकडी आलेली मुले आणि त्यांचीच न आलेली भावंडे यांची बुद्धिमत्ता ताडून पाहिली तेव्हा फरक निघाला नाही.

ताप डोक्यात गेला, असे आपल्याकडे म्हणतात. या शब्दाने फार नुकसान केले आहे. एकदा तसे म्हटले की घरचे त्या पोराकडे जन्मभर वेगळ्या नजरेने पाहतात, शाळेत एखादा विषय राहिला तरी त्याचे खापर लहानपणीच्या तापावर फुटते. मुलगी असेल तर आणखी कठीण. आकडीची पोर म्हणून गावात नाव होईल, पुढे सोयरिकीला अडचण येईल, म्हणून गोष्ट दडवतात, आणि दडवायची म्हणून डॉक्टरकडेही नेत नाहीत. म्हणून आकडा सांगतो. सर्वसाधारण मुलांत शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना पुढे फेफऱ्याचा, म्हणजे मिरगीचा, आजार होतो. तापात साधी आकडी येऊन गेलेल्यांत शंभरात एक ते दोघांना होतो. शंभरातली अठ्ठ्याण्णव मुले जशीच्या तशी मोठी होतात. आणि मिरगीच्या आजारालाही औषध आहे, तो लपवण्यासारखा नाही, पण तो वेगळा विषय.

तापात आकडी परत येऊ शकते, हे मात्र खरे. तीनपैकी साधारण एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात ती परत येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर दोनपैकी एकाला. घरच्यांना हे आधीच माहीत असेल तर दुसऱ्या वेळी धावपळ कमी होते. भाचीच्या मुलाला सात महिन्यांनी परत आली. त्या वेळी तिने त्याला कुशीवर निजवले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि शेजाऱ्यांना दारातच थांबवले. दोन मिनिटांत आटोपले.

कांदा, चप्पल आणि चमचा

आकडी आपोआप थांबणारी असते. त्यामुळे त्या दोन-तीन मिनिटांत शेवटी जो उपाय केला त्याला श्रेय मिळते. सन २००२ मध्ये आपल्याकडे उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नाना औषधे मारली गेली. पुढे डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी मावा फस्त केला. तरी आजही कोणी सांगतो की माझ्याकडचा मावा मी अमक्या फवाऱ्याने घालवला. कांद्याचे तसेच आहे. कांदा हुंगवल्याने अपाय होत नसेल, पण ज्या हाताने मुलाला कुशीवर धरायचे त्या हाताने आपण कांदा फोडत बसतो.

चमचा आणि बोट यांनी मात्र थेट अपाय होतो. आकडीत जीभ गिळली जात नाही. फार तर जिभेची कड चावली जाते, ती आठवड्यात भरून येते. चमच्याने दात तुटून घशात गेला तर श्वास अडकू शकतो. पाणी पाजले किंवा औषध ओतले तर तेही श्वासनळीत जाते, कारण त्या वेळी मुलाला गिळता येत नसते. आपल्याकडील काही भागांत अजूनही पोटावर, कपाळावर तापवलेल्या बांगडीने डाग देतात. ताप आलेल्या लेकराला वर भाजायचे, यावर आणखी काय लिहावे.

करायचे काम थोडे आहे. मुलाला सपाट जागी, जमिनीवर किंवा रुंद खाटेच्या मधोमध, कुशीवर निजवावे म्हणजे लाळ, उलटी बाहेर वाहून जाते. गळ्याजवळचे कपडे, टोपरे, काळा दोरा सैल करावा. जवळची चूल, कोयता, कठीण वस्तू बाजूला सारावी. हातपाय दाबून धरू नयेत. आणि घड्याळ पाहावे. दुसरे कोणी जवळ असेल तर त्याने मोबाईलवर चित्रण करावे. हे ऐकायला निर्दय वाटते, पण डॉक्टर मुलाला पाहतात तेव्हा आकडी थांबून गेलेली असते. झटके एका बाजूला होते की दोन्ही, डोळे कुठे होते, हे आपल्याला शब्दांत सांगता येत नाही, आणि चित्रणात ते दिसते.

आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर मग एक क्षण थांबू नये. १०८ ला फोन करावा. ही मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. किंवा गावातील चारचाकी घेऊन जवळच्या, बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात निघावे. लांबलेली आकडी इंजेक्शनने किंवा नाकात मारायच्या औषधाने थांबवता येते, आणि जितका उशीर तितकी ती थांबवायला अवघड. वाटेतही मूल कुशीवरच असावे. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये झटके देणारे मूल दाबून धरून खड्ड्यांतून नेणे फार धोक्याचे.

आकडी लवकर थांबली तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. आकडी गेली म्हणजे काम झाले असे नव्हे. ताप कशाचा आहे ते शोधायचे राहिलेले असते. बहुतेक वेळा साधा विषाणूचा ताप, कान फुटणे, घसा, जुलाब असे निघते. कधी मलेरिया किंवा लघवीतला जंतुदोष निघतो. आणि क्वचित त्यामागे मेंदूचाच आजार असतो.

कोपीवरची मुलगी

मागच्या गळीत हंगामात, जानेवारीतली गोष्ट. आपल्या एका सभासदाच्या माळावर बीडकडील टोळी उतरली होती. एका कोयत्याची दोन वर्षांची मुलगी तीन दिवस तापाने फणफणत होती. आई रोज पहाटे तिला सोबत फडात नेई, वाढ्यांच्या सावलीत गोधडीवर निजवी. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडी आली. चार-पाच मिनिटांत थांबली. मुलगी निपचित पडली. मुकादम म्हणाला, थकली आहे, झोपू द्या. बायकाही तेच म्हणाल्या. आणि त्यांचे सगळेच चुकीचे नव्हते, आकडीनंतर मूल थोडा वेळ झोपतेच.

आमच्या चिटबॉयला मी पुण्याची गोष्ट सांगितलेली होती. तो तासाभराने परत त्या फडात गेला तेव्हाही मुलगी तशीच. आईने हाक मारली तर डोळा उघडेना, पाय चिमटला तरी रडेना, मान उचलू गेले तर मान वाकेना, डोक्यासकट पाठ उचलली जाई. त्याने मला फोन केला. "साहेब, ही झोप बरोबर वाटत नाही." सभासदाने स्वतःची जीप काढली. ग्रामीण रुग्णालयातून पुढे पुण्याला पाठवले. मेंदूच्या आवरणाला जंतूंचा दाह झाला होता. पाठीतले पाणी तपासले, इंजेक्शने सुरू झाली, अठरा दिवस मुलगी रुग्णालयात होती. वाचली. घरी जाताना डॉक्टरांनी ऐकू नीट येते की नाही त्याची तपासणी पुन्हा करून घ्यायला सांगितले आहे, कारण या आजारात कानावर परिणाम राहू शकतो. टोळी तोवर परत गेली होती. तपासणी झाली की नाही याची चौकशी मी मुकादमाकडे करत असतो.

एक दिवसाची तोड बुडेल म्हणून मुकादम आधी तयार नव्हता. आईबापांनी उचल घेतलेली, ते बोलू शकत नव्हते. फड आपला, ऊस आपला. तिथे कोपीत ताप आलेले पोर असेल तर त्याची चौकशी फडमालकाने करण्यात कमीपणा नाही असे मला वाटते. कोणाला हे आवडणार नाही, तरी लिहितो.

मोटार जळाल्याची लक्षणे म्हणजे अशी : आकडीनंतर अर्धा-एक तास झाला तरी मूल ओळख देत नाही, मान ताठ, लहान बाळाची टाळू फुगलेली, सारख्या उलट्या, अंगावर जांभळे डाग, झटके एकाच बाजूला, किंवा नंतर एक हात-पाय लुळा, त्याच दिवशी दुसरी आकडी. वय सहा महिन्यांच्या आत असेल किंवा मूल पाच-सहा वर्षांच्या पुढचे असेल, तर तापातली साधी आकडी म्हणून सोडून देऊ नये. आधीच कुठलेसे ॲन्टिबायोटिक चालू असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्याने मेंदूच्या दाहाची लक्षणे झाकली जातात. बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे.

या बाबतीत पुण्याचे नाव जगभर घेतले जाते ते तेथील एका संस्थेमुळे. डॉ. आंबेडकर रस्त्यावरील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जुन्या लोकांना व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून आठवेल. ती १९५२ साली सुरू झाली, आणि १९७८ पासून आजचे नाव आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली तापाच्या रुग्णांच्या रक्तातून या संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक नवीन विषाणू वेगळा काढला. गावाचेच नाव त्याला दिले. बरीच वर्षे तो किरकोळ तापाचा विषाणू मानला जात होता. मग २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना ताप, आकडी आणि बेशुद्धी असा आजार झाला आणि त्यांतील १८३ दगावली. अनेक मुले आजार सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत गेली. पुण्याच्या संस्थेने नमुने तपासून चांदीपुरा विषाणू ओळखला. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रातही रुग्ण सापडले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत परत साथ आली.

हा विषाणू पसरवते ती वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. डासाहूनही लहान असते, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत, शेणाच्या ढिगाजवळ वाढते. या आजारावर खास औषध नाही, लसही नाही. वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोहोचून आकडी, श्वास आणि मेंदूची सूज सांभाळणे एवढाच उपाय. त्यामुळे भेगा बुजवणे, गोठा कोरडा ठेवणे, मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवणे, ही कामे पावसाळ्याच्या आधी उरकावीत. कोपी आणि बैल शेजारी शेजारी बांधलेले असतात तिथे तर अधिकच.

दुसरा आजार जपानी मेंदूज्वर. तो धान आणि साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासाने पसरतो, आणि त्याचा विषाणू डुकरांत व पाणपक्ष्यांत वाढतो. शहरात हा आजार नसतो असा समज होता, परंतु २०२२ च्या अखेरीस पुणे शहरातीलच एका लहान मुलाला ताप आणि आकडी येऊन हा आजार असल्याचे याच संस्थेच्या तपासणीत निष्पन्न झाले. यावर मात्र लस आहे. आपल्या भागात ती मुलांना दिली जाते काय हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

हे वाचून साध्या आकडीलाही मेंदूज्वर समजून घाबरू नये. शंभरातील फार थोड्यांना असे काही निघते. फरक ओळखायची खूण एकच लक्षात ठेवली तरी चालेल. आकडी थांबल्यावर मूल परत आपले मूल होते की नाही, आईला पाहून रडते की नाही, हे बघावे.

ताप, गोळ्या आणि लस

तापाचे औषध दिल्याने आकडी टळते असे मीही समजत होतो. अभ्यासांत तसे आढळलेले नाही. पुष्कळदा आकडी आल्यावरच घरच्यांना ताप असल्याचे कळते. तरीही पॅरासिटॅमॉल द्यावे, कारण मुलाला बरे वाटते, ते पाणी-दूध घेते. प्रमाण दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत सहा तासांचे अंतर. दहा किलोच्या मुलास १०० ते १५० मिलिग्रॅम झाले. बाजारात या औषधाच्या कमी आणि दुप्पट तीव्रतेच्या, दिसायला सारख्या बाटल्या मिळतात. पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम हे लेबलावर वाचूनच द्यावे. तणनाशकाचे लेबल आपण वाचतो ना, एकराचा डोस चुकला तर ऊस पिवळा पडतो. वजन माहीत नसेल तर अंगणवाडीत लिहिलेले असते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर घरी औषध न देता सरळ डॉक्टर गाठावा. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये.

तापात मुलाला गोधडीत गुंडाळून, कानटोपी घालून दारे बंद करण्याची आपली पद्धत सोडावी. एक सुती कपडा पुरे. थंड पाणी, बर्फ, स्पिरिट अंगाला लावू नये. त्याने थंडी भरून ताप उलट वाढतो. अंग पुसायचेच तर कोमट पाण्याने.

पूर्वी अशा मुलांना फेनोबार्बिटोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे देत. तुमच्यापैकी काहींच्या घरी दिल्याही गेल्या असतील. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती गोळी घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक न घेणाऱ्यांपेक्षा काही गुणांनी कमी आढळला, आणि आकडी परत येण्याचे प्रमाणही कमी झाले नव्हते. त्यामुळे आता साध्या आकडीला रोजची गोळी देत नाहीत. वारंवार आकडी येत असेल तर ताप आला की दोन-तीन दिवस क्लोबाझाम देण्याची पद्धत आहे, आणि काहींना मिडॅझोलामचा नाकातला फवारा घरी ठेवायला देतात. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजारच्या मुलाचे उरलेले औषध वापरू नये.

शेवटी लसीकरणाबद्दल, कारण याच कारणाने दोन सभासदांच्या घरी लसी थांबल्याचे मला समजले. त्रिगुणी लसीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत आणि गोवराच्या लसीनंतर आठवडा-दहा दिवसांनी मुलाला ताप येऊ शकतो, आणि ज्याला तापात आकडी येते त्याला त्या तापातही येऊ शकते. म्हणून लस बंद करायची नाही. गोवर झालाच तर त्यात लसीपेक्षा कितीतरी जास्त ताप येतो, आणि मेंदूला सूज येण्याचा धोका असतो तो वेगळा. आधी आकडी येऊन गेली असेल तर लस देणाऱ्या सिस्टरांना तसे सांगावे आणि ताप कधी येऊ शकतो ते विचारून ठेवावे. माझ्या भाचीने पुढची गोवराची लस वेळेवर दिली. आठव्या दिवशी ताप आला, एका रात्रीत उतरला.

येत्या हंगामापासून आपल्या सर्व गट ऑफिसांत एक तापमापक ठेवण्याची विनंती मी शेतकी विभागाकडे केली आहे. ज्या सभासदांच्या रानात टोळ्या उतरतात त्यांनी कोपीपर्यंत चारचाकी येईल अशी वाट आणि रात्री गाडी देऊ शकणाऱ्या एका माणसाचा नंबर चिटबॉयकडे नोंदवून ठेवावा.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्याबद्दल राहिलेला भाग.

आपला,
ऊस विकास अधिकारी